सहा बाजूंचा समुद्र

देवबाग
१२ जुलै २०२६

दादा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. फाटलेलं जाळं बाबांनी जाळून टाकलं, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. त्या दिवशी माडाखाली धूर होता आणि बाबा हातात काठी घेऊन शेजारी उभे होते, एवढंच मी पाहिलं. बाकीचं मी मनाने जोडलं. काल मांगराचा, जाळी ठेवायच्या खोपीचा, माळा साफ करताना जाळं सापडलं. गोणपाटात गुंडाळलेलं, सुतळीने चारी बाजूंनी बांधलेलं. जळत होत्या त्या झावळ्या. माझं पत्र वाचून तू काय समजून बसला असशील, या विचाराने सकाळी उठल्याबरोबर कागद काढला. म्हणून आधी हे.

दुसरंही एक दुरुस्त करते. 'बाबा बरे आहेत' असं मी लिहिलं होतं. बाबा बरे आहेत, पण त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. चैत्रापासून. ते सांगत नाहीत, सदरा घालताना कळतं.

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या बोटीच्या मालकांच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं नाही, म्हणजे ते पोचलं असं मी धरते. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. तू सातवीतून बाबांच्या होडीवर गेलास म्हणून मी कॉलेजपर्यंत पोचले. आपल्या घरात पत्र लिहिणारी मी पहिलीच, तेव्हा ते तुला वाचता येईल असं लिहिणं माझं काम आहे. मालवणीत लिहायला बसले तर हात अडतो, शाळेने हात असा केला. घरचं बोलणं मात्र जसंच्या तसं लिहिते.

आता होडीचं. मालवणचा जितेंद्र दोनदा येऊन गेला. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला त्याला आपली 'तुळसाई' हवी आहे. पिवळा रंग देणार म्हणतो. नाव खरवडायला मलाच सांगितलं, कारण गावातल्या होड्यांवरची नावं मीच रंगवते.

बाबा त्याला म्हणाले, "एकट्यान जाळा ओढूक जमणा नाय. दुसरो हात होयो."

"काका, हात भाड्यान गावता."

"भाड्याचो हात जाळा ओढता. वारो बघणा नाय."

शेवटी बाबांनी सांगितलं, नारळी पौर्णिमेपर्यंत थांब, समुद्राला नारळ देऊन झाला की होडी घेऊन जा. म्हणजे २८ ऑगस्ट. तोवर दुसरा हात मिळाला नाही तर होडी गेली. 'दुसरा हात' म्हणजे कोण, हे घरात कोणी म्हटलं नाही.

शेजारच्या भाईंच्या अंगणातली डिसेंबरातली ती बैठक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सगळे एकच म्हणत होते. तू ज्या पर्ससीनच्या, घेरजाळ्याच्या, मोठ्या बोटीवर लागलास तिने आपलं जाळं नुसतं ओलांडलं नाही, जाळ्याच्या बाजूबाजूने चिरत नेलं, म्हणजे मुद्दामच. चुकून गेली असती तर एक भोक पडलं असतं. बाबांनी तुला विचारलं, सुकाणू कोणाच्या हातात होतं? तू म्हणालास, माझ्या. आणि चपला घालून निघालास. बाबांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, तूही थांबला नाहीस.

दुसरा प्रश्न मी तरी विचारायला हवा होता.

किशोरी


१९ जुलै २०२६

दादा,

मी सध्या काय करते आहे ते ऐकून तू हसशील. मी समुद्रावर घरं आखते आहे.

मे महिन्यात शेजारी उतरलेले पुण्याचे पाहुणे, कौस्तुभ नाव. होडीवरचं माझं अक्षर बघून विचारत आले. ते आणि त्यांचे मित्र दर रविवारी टेबलावर पट मांडून जुन्या लढाया खेळतात. बुद्धिबळासारखं, पण पटावर खरा प्रदेश असतो आणि सोंगट्या म्हणजे जहाजं नाहीतर पलटणी. त्यांना आपल्या किनाऱ्याचा पट हवा आहे, आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत, मांजरपाटावर हाताने रंगवलेला, त्यावर घरं पाडलेली. घरं चौकोनी नव्हेत. षटकोनी.

मी विचारलं, "चौकोन का नको? चौकोन आखायला सोपे."

ते म्हणाले, "चौकोनात तिरकी चाल लबाडी करते. सरळ गेलात तर एक घर, तिरके गेलात तरी एकच घर, पण अंतर जास्त कापलंत. षटकोनात ती सोय नाही. मध्ये उभ्या राहा, सहा शेजारी, सहाही सारख्याच अंतरावर. कोणावर अन्याय नाही."

मी हे कागदावर मोजून पाहिलं. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, मला मोजल्याशिवाय झोप येत नाही म्हणून. दादा, वर्तुळ काढायचं, कंपास तेवढाच उघडा ठेवायचा आणि परिघावर एकेक पाऊल टाकत जायचं. सहावं पाऊल बरोबर निघाल्या टिंबावर पडतं. जरा अलीकडे नाही, जरा पलीकडे नाही. शाळेत हे शिकले होते, तेव्हा मार्कांसाठी शिकले. आता पडवीत एकटी बसून दहा-बारा वेळा करून पाहिलं, लहान वर्तुळ, मोठं वर्तुळ, ताटलीचं वर्तुळ. दर वेळी सहा. कोणी ठरवलं असेल हे? बाहेर खाडी आणि समुद्र दोन्ही बाजूंनी गरजत होते आणि मला वाटत होतं, आपल्याला न विचारता किती गोष्टी आधीच ठरून बसल्या आहेत.

आई येऊन बघून गेली. "आठ दिवस त्याच वाटोळ्यात फिरतंस," म्हणाली.

मोठ्या कापडावर मात्र मी हरले. एका घरात केसाएवढी चूक होते, ती दिसत नाही. पुढच्या घरात तीच चूक अधिक नवी चूक. तिसाव्या घरापर्यंत सगळी रांग अर्ध्या घराने सरकलेली. वेंगुर्ल्याचा दीपस्तंभ पाण्यात गेला. एक आख्खं कापड बिघडलं. कौस्तुभना कळवून टाकलं की उशीर होईल, आणि का, तेही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की छापखान्यात यंत्राने होतं हे, पण यंत्राचं नको म्हणूनच तुमच्याकडे आलो. त्याने माझी काळजी वाढलीच.

किशोरी


२ ऑगस्ट २०२६

दादा,

आज जे लिहिते आहे ते सावकाश वाच. मला स्वतःला अजून पुरतं खरं वाटत नाही.

बाबा नवीन जाळं दोरीवर बांधतायत. आई म्हणाली, "होडी देतास आणि जाळा बांधतास. ह्यां जाळा काय डॉल्फिनाक?" बाबा म्हणाले, "हाताक सवय." आई म्हणाली, "हाताक सवय आसा, तोंडाक नाय." त्यांच्या खांद्यामुळे दोरीचं दुसरं टोक धरायला मी बसले. तू बसायचास तिथे, खांबाला पाय लावून.

तुला हे पाठ आहे, मी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही हात पसरले की एक वाव; दोन वाव जाळ्याला एक वाव दोरी. दुप्पट जाळं अर्ध्या दोरीत बसवायचं. मी विचारलं, अर्धंच का?

"जास्ती ताणलंस तर तोंड मिटता, मासो आपटान परत जाता. ढिला सोडलंस तर गुरफाटता. अर्ध्यार तोंड बरां उघडता."

"पण बरोबर अर्धंच कोणी ठरवलं?"

"माझ्या बापाशीक इचार," बाबा म्हणाले. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली.

बांधलेला भाग जमिनीवर पसरला होता आणि मी वरून बघत होते. प्रत्येक गाठीतून चार सुतं निघतात, पुढच्या चार गाठींना जातात. मध्ये उभट शंकरपाळी. मी नुसतीच बघत होते. मग एका गाठीच्या डावी-उजवीकडच्या गाठींवर नजर गेली. त्यांच्याशी सूत नाही, मध्ये रिकामं. पण अंतर तेवढंच दिसत होतं. मी उठून कंपास आणला. सुताच्या लांबीएवढा उघडला. एका गाठीवर टोक ठेवलं आणि फिरवला.

सहा, दादा. चार सुताने बांधलेल्या, दोन न बांधलेल्या, पण सहाही गाठी सारख्याच अंतरावर. दुसऱ्या गाठीवर ठेवला, सहा. अर्ध्या दोरीत बांधलं की शंकरपाळ्याची रुंदी आपोआप सुताएवढी होते आणि सगळं जाळं षटकोनांच्या मध्यबिंदूंनी भरून जातं. पुण्याच्या माणसाने मला जे आखायला सांगितलं, ते आपल्या पडवीत माझ्या पायाखाली पसरलेलं होतं. माझ्या जन्माआधीपासून रोज पसरलेलं होतं. मी त्याच्यावरून उड्या मारत शाळेत गेले.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीने येतो तसाच, पण भीती नव्हती.

बाबांना दाखवलं. त्यांनी कंपास हातात घेतला, दोन-तीन गाठींवर फिरवला, परत दिला. "बरां आसा," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा मागितला. मग तिन्हीसांजेपर्यंत ते आणि मी कुठल्या गाठीला चुकतं का ते शोधत होतो. एकदाही चुकलं नाही.

आता काम सोपं झालं. नवीन कापड ताणून खिळवलं, त्यावर बांगड्याच्या जाळ्याचा तुकडा अर्ध्याला बांधून ताणून बसवला आणि प्रत्येक गाठीच्या जागी निळीचा ठिपका दिला. सगळं जाळं एकदम बसतं, म्हणून एका घराची चूक पुढच्या घरात जात नाही. रेघा मारल्याच नाहीत. घराच्या मध्ये एक ठिपका पुरतो, डोळा बाकीचं घर बांधून घेतो आणि समुद्र समुद्रासारखा राहतो. आई म्हणाली, "ही तर ठिपक्यांची रांगोळी." खरंच आहे. मग म्हणाली, "ह्यात आपलो गाव खंय?"

इथे एक अडचण आहे. देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी, एका घराएवढीसुद्धा रुंद नाही. घर द्यावं तर खोटं, कारण मग अर्धी खाडी बुजते. कौस्तुभ म्हणाले, अशा वेळी गाव दोन घरांच्या मधल्या कडेवर काढतात. जहाजाला ती कड ओलांडता येत नाही.

"आये, आपलो गाव ह्या घराच्या नि त्या घराच्या मधी आसा. कडेर."

"म्हंजे बुडालो मां?"

"बुडूक नाय. घराक जागा नाय."

"ग्रामपंचायत म्हणता तसाच केलंस. ह्या वाटणीत नाय, त्या वाटणीत नाय."

पण ती बराच वेळ त्या बारीक हिरव्या रेघेवर बोट ठेवून बसली होती.

किशोरी


१३ ऑगस्ट २०२६

दादा,

पट पुरा झाला आहे. पडवीत पसरला तेव्हा आम्ही तिघंही त्याच्या कडेने चाललो, कोणी पाय ठेवला नाही. आयुष्यभर समुद्र समोर असतो, पण तो एका वेळी एवढा कधी दिसत नाही. तो मी इतका शांत, सगळीकडे सारख्या अंतराने श्वास घेतल्यासारखा, पहिल्यांदा पाहिला.

पण आज लिहायचं ते दुसरंच आहे.

काम संपल्यावर हात रिकामे राहिले आणि माझं लक्ष माळ्यावरच्या गोणपाटाकडे जात राहिलं. मी बाबांना विचारून ते खाली काढलं. न विचारता काढणार नव्हते. ते म्हणाले, "काढ. माका दाखव नको." आणि भाईंकडे गेले.

बिघडलेल्या कापडाच्या मागच्या बाजूला मी सरावासाठी ठिपके दिलेलेच होते. फाटलेलं जाळंही बांगड्याचंच, माप तेच, म्हणून त्यावर ते ताणलं, थोडं थोडं, कापड पुढे सरकवत. जिथे जाळं धड आहे तिथे प्रत्येक गाठ आपापल्या ठिपक्यावर बसते, जणू दोघांनी एकमेकांना वचन दिलंय. आणि फाटीच्या जवळ येऊ लागलं की गाठी ठिपके सोडतात. आधी जरासं, मग जास्त. ओढ बसून गाठ सरकली आणि तिथेच आवळली गेली. नुसत्या डोळ्यांना फाटलेलं जाळं म्हणजे गुंताच दिसतो. ठिपक्यांवर ठेवलं की प्रत्येक गाठ सांगते, मला कोणीकडे ओढलं आणि किती जोराने.

मी तीन दिवस एकेक गाठ बघितली. कुठे घाई झाली असं वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

फाट सगळीकडे सारखी नाही. एका टोकाला खोल आहे, दोन पुरुष खोल. तिथून पुढे उथळ होत जाते. शेवटी शेवटी जाळं शाबूत आहे, फक्त वर तरंगणारी बुचं तुटली आहेत. आणि सरकलेल्या गाठी सगळ्या एकाच दिशेला बघतात, खोल टोकाकडून उथळ टोकाकडे. म्हणजे बोट खोल टोकाला जाळ्यात शिरली आणि उथळ टोकाला बाहेर पडली. मुद्दाम जाळ्याबरोबर बोट नेली असती तर फाट शेवटपर्यंत खोल राहिली असती. ही फाट जाळ्यापासून दूर दूर जाते आहे.

मग मी कौस्तुभना फोन केला. नाव-गाव काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की तुमच्या खेळात मोठं जहाज वळायला किती जागा घेतं?

ते म्हणाले, "जहाज उभ्या जागी वळत नाही. एक घर पुढे, मग षटकोनाची एक बाजू वळायची. जड जहाज असेल तर दोन घरं पुढे, तेव्हा कुठे एक बाजू. नवे खेळाडू यातच फसतात. धडक चुकवायला वळवतात आणि वळता वळता जास्तच घासत जातात. सरळ गेले असते तर कमी नुकसान झालं असतं."

मी विचारलं, "हे खरं असतं की खेळातलंच?"

"खेळातले नियम माणसांनी लिहिलेत, किशोरी. खऱ्यावरून लिहिलेत, पण अंदाजच तो. बोट चालवणाऱ्याला विचारा."

फोन ठेवल्यावर मी करवंटीचा एक लांबट तुकडा घासून बोट केली आणि एक घर म्हणजे दहा वाव धरून मोकळ्या ठिपक्यांवर चालवली. जाळ्याची रेघ समोर आली तशी वळवायला लागले, नियमाने, दोन घरांना एक बाजू. ती जाळ्यात शिरली. वळत राहिली. जाळ्याच्या कडेकडेने गेली आणि सुटली. मी हात मागे घेतला. जे गावाने मुद्दाम केलेलं म्हटलं, तेच माझ्या बोटांनी वाचवायला जाऊन केलं होतं.

आपली होडी वल्ह्याच्या एका झटक्यात जागच्या जागी फिरते. आपण सगळ्यांनी त्या मोठ्या बोटीला आपल्या होडीच्या मापाने मोजलं. भाईंच्या अंगणात बसलेल्या एकानेही कधी एवढी मोठी बोट वळवलेली नव्हती. एकाने वळवली होती, तो गप्प बसला.

हे खरंच असेल असं मी म्हणत नाही. प्रवाहानेही गाठी सरकल्या असतील. जाळं वर ओढताना ओढ बसली असेल. मी बी.एस्सी. झाले म्हणजे मला बोट कळते असं नाही. पण जर ते खरं असेल, तर पहाटेच्या अर्ध्या उजेडात, पाण्यावरची बुचं दिसल्यापासून बोट जाळ्याला लागेपर्यंत जो काही क्षण होता, त्यात सुकाणूवरच्या हातांनी जे केलं त्यापुढे मला गप्प बसावंसं वाटतं.

किशोरी


१६ ऑगस्ट २०२६

दादा,

बाबांना दाखवलं. दाखवायच्या आधी मला तीनदा पाणी प्यावं लागलं.

ते पडवीत उकिडवे बसले. आई दारात. मी गाठी दाखवल्या, ठिपके दाखवले, करवंटीची बोट चालवली. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः चालवली. त्यांनी ती आपल्या होडीसारखी जागच्या जागी फिरवली.

"तशी नाय, बाबा. मोठी बोट जाग्यार वळणा नाय."

"आमची वळता."

"ती आपली होडी. तेची बोट नाय."

"तू बसललंस त्या बोटीर?"

"नाय."

"मगे?"

"मगे तेकाच इचारूया."

बाबा गाठी बघत राहिले. फाटीच्या उथळ टोकाला, जिथे फक्त बुचं तुटली आहेत, तिथे त्यांनी दोरीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग म्हणाले, "तू तेका पत्रात सगळा लिवतलंस आणि तो पाठ करून येतलो. शाळा सोडल्यान, पण पाठांतर बरां होता तेचा."

आई दारातून म्हणाली, "आठ महिने पोटच्या झिलाचा नाव घेतलास नाय. आता तेचा पाठांतर आठावला."

"मी नाव घेवक नाय," बाबा म्हणाले. "पाठांतर म्हटलंय."

बाबांचं म्हणणं मला पटलं. मी आधी विचार करायला हवा होता. मागच्या पत्रात मी तुला बरंच लिहून बसले. ते पत्र काढून पुन्हा वाच आणि बघ, त्यात दोन गोष्टी नाहीत. बोट जाळ्यात कुठल्या टोकाला शिरली, मालवणच्या बाजूला की निवतीच्या, ते मी लिहिलं नाही. आणि किती घरं घासत गेली, तेही लिहिलं नाही. नशिबाने नाही लिहिलं. आता लिहिणार नाही. तू विचारलंस तरी सांगणार नाही.

आमच्यात असं ठरलं. गाठी ज्या कापडावर उतरवल्या, ते कापड बाबांनी स्वतःच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्याकडे. मी दुसरं कोरं कापड केलं आहे. त्यावर फक्त ठिपके, जाळ्याची एक रेघ आणि उत्तर दिशा कुठे ते. एक घर म्हणजे दहा वाव. ते मी तुझ्यापुढे पसरणार, करवंटीची बोट तुझ्या हातात देणार आणि म्हणणार, त्या पहाटेची चाल. तू जशी नेलीस तशी ने. मी बोटही लावणार नाही.

"आणि तेची चाल गाठींशी जुळली तर?" आईने विचारलं.

बाबांनी किल्ली कमरेला खोचली. "जुळली तर जितेंद्राक सांगतलंय, दुसरो हात गावलो."

"आणि नाय जुळली तर?"

"तर होडी पिवळी."

हे तुला जसंच्या तसं सांगणं भाग होतं. नाहीतर तू नुसता खेळ समजून बसशील.

किशोरी


२१ ऑगस्ट २०२६

दादा,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ: 'माका खेळ येणा नाय, पण ती चाल माका झोपेत दिसता.'

मी ते आईला वाचून दाखवलं. बाबा मागच्या दारी होते, पण मी आवाज मोठा काढला होता. जेवताना बाबा म्हणाले, "कालव्हणात मीठ कमी आसा," आणि कालवणात मीठ बरोबर होतं.

मला भीती वाटते, ती सांगून टाकते. तू खरं तेच चालवशील, आणि तरी ते गाठींशी जुळणार नाही, अशी भीती. माणसाला अशा क्षणातलं काय आठवतं आणि काय नंतर तयार होतं, कोणाला माहीत. मी रात्रभर स्वतःला विचारते की गाठी मी बरोबर वाचल्या का. पण पौर्णिमा पुढच्या शुक्रवारी आहे आणि तुमची बोट एक सप्टेंबरला निघणार असं कळलं. आता थांबून माझी खात्री वाढणार नाही, दिवस तेवढे जातील.

म्हणून मी येते. रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या जेटीवर, जिथे तुमच्या बोटी नांगरतात तिथे. ठिपक्यांचं कापड आणि करवंटीची बोट माझ्या पिशवीत असेल. पाऊस असला तर कोरडी शेड कुठे आहे ते तू बघून ठेव, कापड भिजलं तर नीळ पसरते. तुझ्या बोटीवरचं कोणी बघायला थांबलं तर थांबू दे.

पेटीतलं कापड मी आणू शकत नाही, किल्ली माझ्याकडे नाही. ते आणायचं तर बाबांनाच यावं लागेल. आज सकाळी त्यांनी मला विचारलं, "मालवणसून रत्नागिरीची पयली एस्टी कितक्याक?" मी सांगितलं. तर म्हणाले, "इचारलंय आपला." म्हणून त्यांचं येणं मी धरत नाही आणि तूही धरू नकोस.

माझं येणं धर. मंगळवार, २५ ऑगस्ट.

किशोरी